मुंबईत सासर-माहेर दोन्ही लांब असताना नव्या आईने हक्काची माणसं कशी जोडावीत?

रोजचा वावर आहे तिथूनच. शेकडो आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डायपरच्या सवलती कळतात, पण लोकल रखडली की पाळणाघरातून बाळाला आणायला त्यातलं कुणी येत नाही. त्यासाठी दोन जिने चढून येतील अशा दोन-तीन जणी लागतात.

मुंबईला हे नवं नाही. १९५९ मध्ये गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. लोकलच्या लेडीज डब्यात आजही भाजी निवडता निवडता ओळखी होतात, डोहाळजेवणंसुद्धा होतात. (तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून भांडणंही तिथेच, ते सोडा.)

माझं मत, आधी तुम्ही मागा. "काही लागलं तर सांग" यातून काही होत नाही. "बुधवारी मला उशीर होईल, सात ते आठ बाळाला बघशील? शनिवारी तुझी मुलगी माझ्याकडे," असं नेमकं बोला. शेजारच्या काकूंनाही विचारा, फक्त त्यांना फुकटची आया समजू नका.

ऑफिसचं म्हणाल, तर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत ती तरतूद आली. एकटीने एचआरला विचारलं की "बघू" म्हणतात. चौघींच्या सह्यांचा अर्ज द्या, आणि लहान मुलं असलेल्या बाबांच्याही सह्या घ्या.