खंड पडला, आता पुन्हा सुरुवात कशी करू?

प्रश्न : वय ३८. दोन वर्षं नियमित पळते, आठवड्याला साधारण ३५ किलोमीटर. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला आणि पाच आठवडे पळणं पूर्ण बंद होतं. आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पहिल्याच दिवशी दोन किलोमीटरमध्ये धाप लागली, नाडी १७०वर गेली. जानेवारीत मुंबईला अर्धमॅरेथॉन आहे. सगळी मेहनत वाया गेली का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, वाया गेलेली नाही. दमश्वासाच्या बाबतीत जे सर्वांत आधी जातं, तेच सर्वांत लवकर परत येतं. सराव थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होऊ लागतो. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं आणि ती तूट भरून काढायला ठोके वाढतात. तुमच्या १७०च्या आकड्यामागे मुख्यतः हे कारण आहे. आजारपणाचा अशक्तपणा त्यात मिसळलेला आहे.

व्यायामशास्त्राचे संशोधक एडवर्ड कॉयल यांनी १९८४ मध्ये सात कसलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस थांबवून मोजमापं घेतली. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ती क्षमता (व्हीओटू मॅक्स) २१ दिवसांत सुमारे ७ टक्के उतरली, ५६ दिवसांपर्यंत १६ टक्के, आणि तिथेच थांबली. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं मात्र जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. तुम्ही तर आजारात अंथरुणालाही खिळल्या असाल, त्यामुळे घट जास्त असणार. डॅलस इथे १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची हीच क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली होती. त्यानंतर सुमारे आठ आठवड्यांच्या सरावात ती भरून निघाली.

सप्टेंबरअखेर सुरुवात केली, तर तुमच्या हाती जवळपास सोळा आठवडे आहेत. ते असे वापरा :

पहिला आठवडा फक्त चालणं, एक दिवसाआड ३० मिनिटं, भरभर. दुसऱ्या आठवड्यात १ मिनिट पळणं आणि २ मिनिटं चालणं, अशा दहा फेऱ्या, आठवड्यातून तीन वेळा. तिसऱ्यात ३ मिनिटं पळून १ मिनिट चालणं, सात फेऱ्या. चौथ्यात २० ते २५ मिनिटं सलग, पण इतक्या संथ की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. पाचव्या आठवड्याला एकूण १६ किलोमीटर धरा आणि पुढे दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटर वाढवा. दर चौथ्या आठवड्याला अंतर चार-पाच किलोमीटरनं खाली आणा. अशानं डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला तुम्ही ३५वर पोहोचता. शेवटची लांब धाव १६ किलोमीटरची, शर्यतीच्या दोन आठवडे आधी. यंदा वेळेचा विक्रम डोक्यातून काढून टाका, २१ किलोमीटर धडपणे पूर्ण करणं हेच उद्दिष्ट ठेवा.

बिघडतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. प्लाझ्मा आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतो, दम पुरू लागतो, आणि माणूस एकदम आठ किलोमीटर पळून येतो. टाचेमागचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) आणि नडगीचं हाड मात्र अजून तयार नसतं. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्याचं बळ परत यायला महिने लागतात. म्हणून अंतर किती वाढवायचं हे दमाला विचारू नका, पायांना विचारा. पळताना जाणवणारं हलकं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं, तर चालेल. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाच दुखली, तर तो आठवडा मागचाच पुन्हा करा. नडगीवर एका बोटाच्या जागी दाबून दुखत असेल, तर पळणं थांबवून अस्थितज्ज्ञांना दाखवा. हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो.

अंथरुणातून उठण्यापूर्वी रोज नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहानं जास्त असेल, तर त्या दिवशी विश्रांती. छातीत दुखणं, धडधड किंवा चक्कर आली तर ईसीजी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. थकवा हटतच नसेल तर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून हिमोग्लोबिन पाहा. आणि हो, खंडात उन्हाची सवयही मोडते, ती परत यायला एक-दोन आठवडे लागतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी सातच्या आत पळणं उरका.

प्रश्न : चार महिने जिम बंद होती. पहिल्या दोन आठवड्यांतच दंड बारीक दिसू लागले. परवा जाऊन जुन्याच ९० किलोनं स्क्वॉट केले, पाच सेट. चार दिवस जिना उतरता येईना. आता काय करू? वय २९.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन आठवड्यांत जे बारीक दिसलं, त्यात स्नायू गेल्याचा भाग थोडाच. स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) घटतं, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जातं. खरी ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते, त्यानंतर हळूहळू उतरते.

फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठातल्या एका प्रयोगात काहींनी सलग २० आठवडे वजनं उचलली, तर काहींनी १० आठवडे उचलून, १० आठवडे सोडून, पुन्हा १० आठवडे उचलली. शेवटी दोन्ही गटांची ताकद आणि स्नायूंची जाडी जवळपास सारखी भरली. खंड पडलेल्यांनी गमावलेलं पहिल्या काही आठवड्यांतच वसूल केलं होतं.

तेव्हा दुखणं पूर्ण ओसरू द्या. मग स्क्वॉट ४५ किलो, ८ रेप्सचे (आवर्तनांचे) दोनच सेट, आठवड्यातून दोन दिवस. दुसऱ्या आठवड्यात तीन सेट. पुढे दर आठवड्याला स्क्वॉटला ५ किलो आणि बेंच प्रेसला अडीच किलो वाढवा. प्रत्येक सेट संपताना आणखी दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. दुखतं ते मुख्यतः वजन खाली नेताना, ताणल्या जाणाऱ्या तंतूंना इजा झाल्यानं. हलक्या वजनाचे एक-दोन दिवस झाले की स्नायू त्याला सरावतात आणि पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी होतं.

एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. असा अतिरेक केल्यावर लघवी कोकाकोलासारखी गडद झाली, मांड्या सुजून ताठरल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

प्रश्न : तीन आठवडे परगावी जाणार आहे, रोजचा व्यायाम जमणार नाही. किमान किती करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आठवड्यातून दोन दिवस, पण जोर कमी न करता. व्यायामशास्त्राचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगांत सहाऐवजी दोनच दिवस, किंवा ४० ऐवजी १३ मिनिटं सराव करूनही १५ आठवडे व्हीओटू मॅक्स टिकली. तीव्रता उतरवली तेव्हा मात्र ती घसरली. म्हणून रोज अर्धा तास रमतगमत फिरण्यापेक्षा दोन दिवस पंधरा मिनिटं जिना चढा, दम लागेल इतक्या वेगानं. त्याच दिवशी जोर आणि बैठकांचा एकेक सेट, थकेपर्यंत.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. पावसाळ्यात दोन महिने फिरायला गेले नाहीत. आता खाली बसून उठायला हात टेकावे लागतात. चालणं सुरू केलं की सुधारेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नुसत्या चालण्यानं नाही. या वयात घसरण लवकर होते, टिकवायलाही तरुणांपेक्षा जास्त व्यायाम लागतो, आणि मांड्यांची ताकद आधी जाते. भिंतीला टेकवलेली, बिनचाकांची, गुडघ्याइतकी उंच खुर्ची घ्या. हात छातीवर बांधून उठायचं, तीन मोजत सावकाश बसायचं. आठ वेळा, दोन सेट, एक दिवसाआड. जमत नसेल तर बसायला घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. दहा सहज जमू लागले की उशी काढा. चालणं दिवसातून दोनदा दहा मिनिटांपासून, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांकडून उभ्यानं आणि बसून असा दोन्ही वेळचा दाब तपासून घ्या. पुढच्या पावसाळ्यात फिरणं थांबलं तरी खुर्चीचा व्यायाम घरात चालू ठेवता येईल.