आई एकटी राहते, घरात काय बदलू?

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. प्रतापनगरला तळमजल्यावर एकटी राहते. गुडघे दुखतात, रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठते. घर सोडायला ती तयार नाही. मी मार्चमध्ये चार दिवस तिच्याकडे येते आहे, तेवढ्यात काय करून घेऊ?

उत्तर : अख्खं घर हलवू नका. वस्तूंच्या जागा आईंच्या हातापायांना पाठ झालेल्या असतात. आधी पलंग ते कमोड ही वाट घ्या. पलंगावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकायला हवेत, बहुतेकांना ४५ ते ५० सेंटिमीटर उंची पुरते. वाटेतलं सरकणारं पायपुसणं आणि वायरी काढा. माणूस हलला की लागणारे दोन सेन्सर दिवे लावा, एक पलंगाजवळ, एक बाथरूमच्या दाराशी. झोपेतून उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या काठावर बसायला सांगा. एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

ग्रॅब बारची, म्हणजे धरून उठायच्या दांड्याची, जागा मिस्त्रीला ठरवू देऊ नका. आईंना कमोडवर बसवा, उठताना हात आपोआप जिथे जातो तिथे खूण करा. साधारण ८० ते ९० सेंटिमीटरवर येते. बार स्टीलचा, ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा घ्या. स्क्रू फक्त टाइल आणि प्लास्टरमध्ये बसला तर वजन पडताच बार उपटून येतो, म्हणून अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) विटेत पक्का जाऊ द्या. बसवल्यावर तुम्ही स्वतः पूर्ण भार टाकून लोंबून पाहा. टॉवेलचा दांडा आधाराला कधीच नाही. बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी करून घ्या.

आता कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त भीती याची. पत्र्याचा कूलर, पाण्यात बुडालेला पंप आणि ओले हात. पंपाच्या वायरचं आवरण गेलं की अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो, आणि एमसीबी (फार जास्त करंट गेला की पडणारा बोर्डावरचा स्विच) तेवढ्याने पडत नाही, कारण जीव घ्यायला पुरेसा करंट त्याच्या हिशेबात फारच थोडा असतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट थोडा जरी गळला तरी वीज तोडणारा स्विच, बसवा, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, तो पडलाच पाहिजे. बादलीने पाणी भरणं बंद करा. नळापासून पाइप आणि टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) लावला की बादली उचलणं नाही, फरशीवर सांडणंही नाही. साफसफाई प्लग काढूनच.

एक चावी शेजारी ठेवा. फोनजवळ मोठ्या अक्षरात ११२, १०८ आणि शेजाऱ्यांचा नंबर लिहा.

प्रश्न : घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही. टाइलला नुसते चिकटणारे सक्शनचे बार चालतील?

उत्तर : नाही. हवा हळूहळू आत शिरते, आणि बार नेमका जोर दिल्यावर सुटतो. त्याऐवजी कमोडभोवती उभी राहणारी चार पायांची फ्रेम आणि अंघोळीसाठी पायांना रबरी बूट असलेली खुर्ची घ्या. बूट झिजले की लगेच बदला.