रूमवर नवीन आलायस तर एवढं कर
टिळकवाडीत रूम मिळाली ते बरं झालं बघ, आता एकाला जुलाब लागले की चौघं आडवे होतात तेवढं सांभाळ. संडासाहून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबण लावून 20 सेकंद हात चोळ, अंगठा आणि नखांखाली पण, सध्या एवढंच बास.

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथं:
- हात धुतात आणि दारामागच्या सगळ्यांच्या एकाच ओल्या टॉवेलला पुसतात, मग धुतलं कशाला? स्वतःचा नॅपकिन ठेव की.
- नुसतं सॅनिटायझर. बसमध्ये ठीकाय, पण उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर ते नीट चालत नाही, तिथं साबणपाणीच.
- एका हातात चपाती, दुसऱ्यात मोबाईल.

साबणाची वर्गणी पहिल्याच दिवशी काढा, नंतर कोण देत नाही.