व्हिटॅमिनमधला नवसागर

‘व्हिटॅमिन’मधलं ‘मिन’ म्हणजे मिनरलमधलंच ‘मिन’ का, असा प्रश्न आला आहे. गोळ्यांच्या बाटलीवर दोघं कायम जोडीनं असतात, त्यामुळे शंका रास्त आहे. पण नाही. मिनरल आलं खाणीवरून, अगदी आपल्या ‘खनिज’सारखं. व्हिटॅमिनची फोड ‘व्हिटा’ अधिक ‘अमिन’ अशी आहे आणि त्यातला अमिन चुकून शिरलेला आहे.

जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरच्या लक्षात आलं होतं, की नुसत्या पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या पायांतून लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाला की पुन्हा चालू लागतात. माणसांना हातापायांत अशक्तपणा आणणाऱ्या बेरीबेरी या आजारासारखंच दुखणं. कोंड्यातलं ते गुणकारी द्रव्य लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काझिमिर फुंक हा पोलिश रसायनज्ञ शोधत होता. ते नायट्रोजनवालं, म्हणजे ‘अमिन’ असावं, आणि स्कर्व्ही, मुडदूस हे आजारही अशाच द्रव्यांच्या अभावी होत असावेत, असं त्याला वाटलं. म्हणून १९१२ मध्ये त्यानं सगळ्यांना मिळून नाव दिलं: ‘vitamine’, म्हणजे जीवनाचं अमिन.

पुढे कळलं, की यातल्या बऱ्याच जणांचा अमिनशी काही संबंध नाही. ‘क’ जीवनसत्त्वात तर नायट्रोजन औषधालाही नाही! तोवर नाव तोंडी बसलं होतं. १९२० मध्ये जॅक ड्रमंड या ब्रिटिश जीवरसायनज्ञानं तोडगा काढला: स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ तेवढा उडवा, म्हणजे अमिनचा दावा उरणार नाही. गंमत म्हणजे बेरीबेरीवरचं ‘ब-१’, थायमिन, खरोखरच अमिन निघालं.

‘व्हिटा’ हा लॅटिन शब्द आपल्या ‘जीव’, ‘जीवित’चा सख्खा भाऊबंद. तेव्हा ‘जीवनसत्त्व’ हा प्रतिशब्द करणाऱ्यानं जीव राखला, चुकीचा अमिन वगळला. मला तो मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. (फक्त ‘सत्त्व’मध्ये त दोनदा, सत् अधिक त्व.)

आता अमिन कुठून आलं? अमोनियावरून. आणि अमोनिया? इजिप्तच्या अमोन देवावरून. लिबियाच्या वाळवंटातल्या त्याच्या देवळाच्या परिसरातून येणाऱ्या मिठाला रोमन लोक ‘अमोनचं मीठ’ म्हणत. पुढे हे नाव चिकटलं ते नवसागराला, आणि नवसागरापासून मिळणारा वायू झाला अमोनिया. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात चिमूटभर पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि नाक झोंबायचं, तोच हा नवसागर.