सूनबाईंच्या देशात शिरायचं कुठल्या पानावरून?

पत्र : मुलाने गेल्या वर्षी फ्रेंच मुलीशी लग्न केलं आणि तो तिकडेच राहिला. सूनबाई नॉर्मंडीतल्या रुआँच्या. मुलगी गोड आहे, पण व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का’च्या पुढे आमची गाडी जात नाही. सहा महिन्यांनी दिवाळीला दोघं येतायत. तोवर फ्रान्समधल्या तीन-चार कादंबऱ्या वाचाव्यात म्हटलं. आयफेल टॉवरचं चित्र बघून तीन आणल्या. तिन्हींत कुणीतरी परदेशी बाई गावात येऊन बेकरी काढते. मग ‘ले मिझेराब्ल’ घेतलं. पन्नास पानं झाली तरी बिशपचंच चाललंय, म्हणून मिटून ठेवलं. यजमान म्हणतात, ‘तुझं काम नाही ते.’ माझं इंग्रजी बेताचं आहे. काय वाचू? — एक सासूबाई, नाशिक

उत्तर : ताई, यजमानांना सांगा की पुस्तक फक्त दहा-वीस पानं आधी मिटलं गेलं. व्हिक्टर ह्यूगोच्या या कादंबरीचे 5 भाग आहेत आणि प्रत्येक भागात अनेक ‘बुक’. पहिल्या बुकातली चौदाच्या चौदा प्रकरणं बिशपवर खर्ची पडली आहेत. ज्याची ही गोष्ट, तो जाँ व्हालजाँ दुसऱ्या बुकाच्या सुरुवातीला, 1815 च्या ऑक्टोबरात, धुळीने माखून दीन्य गावात शिरतो. तुम्ही दाराशी जाऊन परत फिरलात. ते पुस्तक पुन्हा हातात घ्याल तेव्हा दुसऱ्या बुकापासून सुरू करा. चांदीच्या मेणबत्तीदाण्यांचा प्रसंग झाला की बिशपबद्दल आपणच मागे जाऊन वाचावंसं वाटतं.

पुढचा खड्डाही सांगून ठेवते. दुसऱ्या भागाच्या तोंडाशीच वॉटर्लूच्या लढाईची 19 प्रकरणं आहेत. 18 खुशाल उलटा, पण एकोणिसावं सोडू नका. रात्री रणांगणावर प्रेतांचे खिसे चाचपणारा माणूस तिथे भेटतो आणि पुढचं बरंच कथानक त्याच्यावर टांगलेलं आहे. ‘वॉटर्लू गाळलं’ म्हणणाऱ्यांचा नंतर गोंधळ होतो तो इथेच. शिवाय त्यातला उठाव 1832 च्या जूनमधला आहे, 1789 च्या राज्यक्रांतीचा नव्हे. सुनेसमोर ही गल्लत नको. पण हे सगळं दिवाळीनंतर. बाराशे पानांचा घाट चढायची ही वेळ नाही.

आता तुमच्या तीन बेकऱ्या. या पुस्तकांत नायिका बाहेरची असते आणि फ्रेंच माणसं पाव भाजायला, वाइन ओतायला आणि प्रेमात पडायला येतात. सुट्टीत वाचायला ठीक, पण सूनबाईंना त्यात आपलं घर सापडायचं नाही. दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा आहे. पुस्तक मधेच तीन ठिकाणी उघडा. कुणी फ्रेंच माणूस भाडं, पगार, उधारी किंवा शेजाऱ्याच्या कटकटीबद्दल बोलतोय का? तिन्ही ठिकाणी नुसता सूर्यास्तच लागला, तर खाली ठेवा. लेखक फ्रेंच म्हणजे जागा फ्रान्स, असंही नाही. काम्यूची ‘द स्ट्रेंजर’ अल्जिअर्समध्ये घडते आणि रवींद्र गुर्जरांनी आपल्याकडे घरोघरी पोचवलेला ‘पॅपिलॉन’ फ्रेंच गयानात.

बेताच्या इंग्रजीला पहिली सोबत सिमेनाँच्या इन्स्पेक्टर मेग्रेची. सिमेनाँ स्वतः बेल्जियन, हा भाग वेगळा. मेग्रेच्या 75 कादंबऱ्या आहेत, बहुतेक दोनशे पानांच्या आतल्या, वाक्यं आखूड, आणि क्रमाने वाचायची गरज नाही. ‘मेग्रे अँड द मॅन ऑन द बेंच’ घ्या. पॅरिसच्या एका बोळात एक मध्यमवर्गीय माणूस भोसकलेला सापडतो. बायको प्रेत ओळखते, पण पायातले पिवळट बूट बघून म्हणते, हे ह्यांचे नव्हेत. नोकरी जाऊन तीन वर्षं झाली होती, घरी पत्ता नव्हता. गृहस्थ रोज वेळेवर ‘कामावर’ निघत. हे समजायला नाशिककरांना टीप लागत नाही.

दुसरी, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात योग्य, एमिल झोलाची ‘द लेडीज पॅरडाइस’ (1883). झोलाच्या 20 कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही अकरावी, पण एकटी वाचली तरी चालते. नॉर्मंडीतल्या व्हालोन्यहून विशीतली दनीझ दोन भावांना घेऊन रात्रीच्या गाडीने पॅरिसला उतरते आणि एका अवाढव्य दुकानाच्या काचांपुढे थबकते. समोरच काकांचं कापडाचं अंधारं, ओलसर दुकान, गिऱ्हाइकाची वाट बघणारं. मोठं दुकान एक रेशीम 5 फ्रँक 60 ला मुद्दाम तोट्यात विकतं; बायका त्यासाठी आत येतात आणि बाकीचं घेऊन बाहेर पडतात. आपल्या मॉलमध्ये साखर स्वस्त का असते, ते इथे कळतं. पानं चारशेच्या वर आहेत आणि मालाची वर्णनं लांबतात. कंटाळा आला तर लेस-मखमलीचे परिच्छेद भराभर उलटा, दनीझ सोडू नका.

झोला घेताना मुखपृष्ठामागचं पान वाचा. इंटरनेटवर फुकट मिळणारी जुनी इंग्रजी भाषांतरं बरीचशी कापलेली आहेत. झोला छापल्याबद्दल व्हिझेटेली या लंडनच्या प्रकाशकाला 1889 मध्ये तुरुंगात जावं लागलं होतं, त्यामुळे कात्री चालली. ब्रायन नेल्सनचं भाषांतर मागा. एरवीही भाषांतरकाराचं नाव नाही किंवा ‘अब्रिज्ड’ लिहिलंय, अशी प्रत नको.

तिसरी थेट सूनबाईंच्या माहेरची : फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ (1857), लिडिया डेव्हिसचं भाषांतर. फ्लोबेर जन्मला रुआँमध्येच. खेड्यात अडकलेली एमा पॅरिसचा नकाशा विकत घेते आणि बोटाने त्यावर गल्ल्या फिरते. तुमच्या आयफेल टॉवरच्या खरेदीची ही थोरली बहीण. सुरुवात संथ आहे, पण पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणातल्या नाचापर्यंत दम धरा. तिसऱ्या भागाच्या पहिल्या प्रकरणात रुआँचं कॅथेड्रल येतं. प्रेमिक उतावीळ झालेला, आणि तिथला रखवालदार प्रत्येक थडगं दाखवल्याशिवाय सोडायला तयार नाही. आपल्या देवस्थानातले गुरुजी आठवतील.

वाट बघत बसू नका, याच आठवड्यात सूनबाईंना एक मेसेज टाका : ‘शाळेत तुम्हाला कुठली कादंबरी होती, आणि आवडली होती का?’ उत्तर नावडतं आलं तर उत्तमच, गप्पा जास्त रंगतील. कॅथेड्रलचा रखवालदार फराळाच्या ताटावर काढायला हरकत नाही. त्याच प्रकरणाच्या शेवटी पडदे ओढून गावभर फिरणारी बग्गी मात्र यजमान झोपल्यावर काढा.