२६/११ नंतर किनाऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे?

फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र सरकारने किनारी सुरक्षेसह संपूर्ण सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे सोपवली. प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, गस्त राज्याचे सागरी पोलीस घालतात; मात्र या पट्ट्यातील किनारी सुरक्षेची जबाबदारी त्याच निर्णयाने तटरक्षक दलालाही देण्यात आली. या तीन यंत्रणांतील समन्वयासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती आहे.

कागदावर रचना चोख आहे. माझ्या मते कमकुवत दुवा सागरी पोलिसांचा, कारण जमिनीवरच्या बंदोबस्तासाठी भरती झालेल्या शिपायाला उधाणात बोट हाकणे एका प्रशिक्षणात जमत नाही. २००८ मध्ये दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावली आणि शेवटी रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. तिथे त्यांना हटकले ते वस्तीतल्या कोळ्यांनी. (समुद्रावरचा अनोळखी चेहरा कोळ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही.) म्हणूनच आज खलाशाला बायोमेट्रिक ओळखपत्र जवळ बाळगावे लागते, आणि संशयास्पद नौका दिसल्यास तटरक्षक दलाला १५५४ किंवा सागरी पोलिसांना १०९३ या क्रमांकावर कळवता येते.