शहराकडचा कोल्हा, फडातला कोल्हा: दिसण्यावर जाऊ नका, विष तर टाकूच नका

प्रश्न (उचगाव, ता. करवीर): आमच्याकडे रात्री दिसणारे कोल्हे आखूड तोंडाचे, अंगाने भरलेले वाटतात. गगनबावड्याकडचे लांबट, हडकुळे. जात वेगळी आहे का? दुकानदार म्हणतो, ‘हे कुत्र्याशी संकर झालेले आहेत, मांसातून दाणेदार औषध द्या.’ कोंबड्या जातात, उसाचे बुडखेही कुरतडलेले दिसतात.

उत्तर: आधी औषधाचं. मांसात दाणेदार औषध घालायचं नाही. फोरेट या दाणेदार कीटकनाशकाच्या वापरावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. जुना साठा कोणी काढून देत असेल तर घेऊ नका. तो तुकडा कोल्ह्याच्या आधी तुमचंच कुत्रं खाईल. कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर किमान तीन वर्षं कैद. खटला दुकानदारावर नाही, तुमच्यावर होईल.

आता जातीचं. शहरी-ग्रामीण फरकाची जी माहिती मोबाईलवर फिरते ती विलायतेतल्या लाल खोकडाची. लंडन शहर आणि आसपासच्या ग्रामीण भागातून १९७१ ते १९७३ मध्ये जमवलेल्या कवट्या ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले: शहरी खोकडाचा जबडा आखूड व रुंद, मेंदूची कवटी लहान, नर-मादीतला फरक कमी. एका जागी पडलेलं खरकटं फोडायला जोरकस जबडा लागतो, चपळ शिकार पकडायला लांब तोंड, असा त्यांचा अंदाज. हे त्या प्राण्यापुरतं. तुमच्या फडात आहे तो सोनेरी कोल्हा, साधारण ८ ते ११ किलोचा. माळावरचं खोकड जेमतेम २ ते ४ किलोचं, झुपकेदार शेपूट, टोक काळं. लंडनचं माप इथे लावू नका.

मग वेगळा का दिसतो? थंडीत केस दाट होतात, जनावर भरलेलं वाटतं. लूत लागली की शेपूट बोडकी होते, पाय लांब दिसतात. पावसाळ्याच्या तोंडाला बाहेर पडणाऱ्या पिलांचं तोंड आखूडच असतं. चिकन सेंटरची घाण रोज मिळाली तर अंग धरतं. संकर नुसत्या नजरेने ठरत नाही.

कुरतडलेले बुडखे कोल्ह्याच्या नावावर टाकण्याआधी खाली वाकून बघा. जमिनीलगत बारीक, जोडीजोडीने दातांच्या खुणा आणि जवळ बीळ असेल तर ते उंदीर किंवा घूस. कोल्हा पेऱ्यावर मोठे चावे घेतो. ऊस आडवा पाडून चोथा टाकलेला असेल तर रानडुक्कर. कोल्हा काकडीला राजी हे खरं, पण त्याचं रोजचं जेवण उंदीर आहे. कोल्हा मेला की पुढच्या हंगामात बुडखे जास्त जातील.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष: ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध. दुकानदार ‘दुप्पट घाला’ म्हणेल. घालू नका. वास वाढतो, उंदीर तोंड लावत नाही, आणि एकदा बुजला की महिना-दोन महिने तेच आमिष खात नाही. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी उघडलेली तेवढीच चालू. त्यात दोन-तीन दिवस नुसता भरडा, मग बिळात खोल १० ग्रॅम आमिष, तोंड बंद. मेलेले उंदीर सकाळी उचलून पुरा, नाहीतर दुसरं जनावर खातं. वेळ चुकवू नका: मोठी बांधणी (उसाला मातीची भर) होऊन सरी झाकल्यावर बिळंच सापडत नाहीत. तेव्हा दुकानदार औषध विकेल, उपयोग शून्य.

कोंबड्यांसाठी माझा आग्रह एकच, पक्कं खुराडं. पातळ कोंबडीजाळी कोल्हा फाडतो. वेल्डमेश घ्या, फूटभर जमिनीत गाडा, खालची कड बाहेरच्या अंगाला वळवा. तो कुडाच्या अगदी मुळाशी उकरतो, तिथेच जाळी आडवी आली की सोडून देतो. दार अंधार पडायच्या आत लावा. मेलेली कोंबडी बांधावर फेकू नका, तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. हे एवढं केलं तर बाकीचं फारसं लागत नाही.

कुंपणात थेट वीज सोडू नका. पाणी पाजायला गेलेला माणूस मरतो.

भरदिवसा अंगावर येणारा, लाळ गाळणारा कोल्हा पिसाळलेला समजा. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात जा. हळद-चुना नको.

शेळी-करडू दगावलं तर मढं न हलवता ४८ तासांत वन विभागाला कळवा, हेल्पलाइन १९२६. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही.

तोडणीत पिलं दिसली तर हात लावू नका, तेवढी सरी दुसऱ्या सकाळपर्यंत सोडा, मादी रात्रीत हलवते. आणि पाचट चारी बाजूंनी पेटवू नका, कुजवा.